माका गाडी लागता

काकीने हात दिला नसता तर यातलं काहीच घडलं नसतं, म्हणून आधी काकी. नाव लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. "नाव नको घालू रे बाबा," ती म्हणाली, "लोक इचारीत येतले, आणि हंय माझा खळा सारवूचा रवात." तेव्हा नुसतं काकी. कोकणात आचऱ्याला खाडीकडे उतरणारी एक पाणंद आहे, तिच्या टोकाला माडांच्या मधे काकीचं घर. त्या घराच्या पडवीत मी पहिल्यांदा पाठ टेकली तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं.

मी इकडचा नाही. माझं गाव अकोल्याच्याही पलीकडे, काळ्या मातीतलं. तिथे समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं निळं पान, आणि ते पुस्तकही मी आठवीत मिटलं ते मिटलंच. गावचा एक जण इकडे बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, त्याच्या मागे मी आलो. तो थोड्याच दिवसांत कंटाळून परत गेला. मी राहिलो. हिंमत होती म्हणून नाही. परत जाताना गाडी कुठे कुठे बदलायची हेच मला आठवेना, आणि विचारायची लाज वाटे.

काकीचा नवरा बोटीवर असताना वारला होता, मुलगा मुंबईला नोकरीत. पडवी रिकामी होती. पहिल्या सकाळी तिने माझ्यापुढे पेजेची वाटी आणि तळलेली मासळी ठेवली. मी नुसता बघत बसलो.

"खा मरे. बघतस काय, ती काय तुका खातली?"

"तुम्ही खा ना आधी," मी म्हटलं.

"तुम्ही? हंय अजून कोण आसा?" तिने मागे वळून पाहिलं. "मी एकटीच दिसतंय माका."

त्या दिवसापासून ती 'तू' झाली. काटा कसा काढायचा तेही तिनेच शिकवलं. "काट्याक भियाव नको. तो खंय आसा ता वळख, मगे खुशाल खा." पुढे आयुष्यात मला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटली, आणि मला बहुतेक सगळ्याच गोष्टींची वाटते, त्या त्या वेळी मी हेच मनात म्हणत आलो.

कारखान्यात दिवसभर कॉम्प्रेसरची धडधड असायची. ती कानात इतकी मुरली की समुद्राची गाजसुद्धा मला सुटीच्या दिवशीच ऐकू यायची. एके दुपारी फाटकापाशी एक गाडी येऊन थांबली. फिरायला आलेली माणसं होती, त्यांना डबाभर बर्फ हवा होता. गाडी बुटकी, लांब, जमिनीला बिलगलेली. रंग ताज्या बांगड्याच्या पाठीसारखा, काळा म्हणावा तर निळा आणि निळा म्हणावा तर हिरवा. मी खांद्यावर लादी घेऊन उभा. त्यांनी बर्फ घेतला, दार लागलं, आणि ती गाडी गेली. गेली म्हणजे काय, निघाल्याचा आवाजच आला नाही. वाळूवरून सावली सरकावी तशी सरकली आणि वळणावर विरघळली. लादीचं पाणी माझ्या पाठीवरून ओघळत होतं. जगात इतकी शांत जागा असते आणि ती चाकांवर पळते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग वर्षं गेली. मी कॉम्प्रेसर खोलायला शिकलो, जोडायला शिकलो, मासळीच्या व्यापाऱ्यांना थंड खोल्या बांधून देऊ लागलो. किनाऱ्यावर पर्यटक वाढले, घरोघरी राहायची सोय झाली, आणि प्रत्येक खोलीला गारवा हवा झाला. माझी पडवी पक्की झाली, काकीने तिला वेगळं दार पाडून दिलं. पण दुपारी डोळा लागला की ती बांगडी रंगाची सावली सरकायचीच.

एका संध्याकाळी काकी खळ्यात कोकमं निवडत बसली होती. मी बराच वेळ घुटमळलो, शेवटी म्हटलं, "काकी, मला आता गाडी लागते."

तिने वर पाहिलं. उठली, आत गेली, अर्धं लिंबू आणि आवळकाठीचा तुकडा घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवला.

"चघळ. आणि खिडकीकडे बसत जा. माका पण लागता."

मला आधी कळेना, आणि कळल्यावर हसू आवरेना. हवी आहे म्हणायला आमच्याकडे 'लागते' म्हणतात. काकीच्या बोलीत हवी असेल तर 'व्हयी', आणि लागते ती उलटी होण्यापुरती. मी समजावलं तेव्हा ती म्हणाली, "असा होय! मगे 'माका गाडी व्हयी' असा म्हण की. उगाच माझा लिंबू फुकट." आणि ते अर्धं लिंबू माझ्याकडून परत घेऊन गेली.

पण परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. कोकमांवरून नुसता हात फिरवत ती सांगत राहिली. तिची मोठी बहीण, तिची बाय, घाटावर दिली होती, फोंडाघाट चढून दाजीपूरच्या पुढे. आधी बहीण खाली यायची. आता तिचे गुडघे गेले. आणि काकीला आगगाडी चालते, पण घाटाची वळणं नाहीत. एकदा निघाली होती, तर अर्ध्या घाटात पोटात काही ठरेना.

"आतडी भायर येवक इली रे. कंडक्टर बरो होतो बिचारो, तेणा माका खालती येणाऱ्या गाडयेत बसयल्यान. मुंबयच्या झिलान पण एकदा नेवक बघल्यान, फोंड्याच्या बाजारापासूनच परत फिरवलंय तेका."

"मग फोनवर बोलत जा ना."

"बायक आता आयकाक येणा नाय. मी हंयसून वराडतंय, ती थंयसून 'कोण? कोण?' म्हणता. तिची सून फोन ठेवता." काकीने एक कोकम सुपातून उचलून बाजूला टाकलं, चांगलं होतं तरी. "मी कोण ता सांगूक आता तोंडच दाखवक व्हया."

त्यानंतर आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. पण गाडी ठरवायला गेलो तेव्हा माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या: तो बांगडी रंग, आणि तो घाट.

गाडी मी गोव्याहून आणली. चार दारांची, जर्मन बनावटीची, आत साईच्या रंगाचं चामडं. किल्ली हातात देताना टाय लावलेल्या मुलाने मला नियम सांगितले. इंजिन कोरं असतं, त्याचे सगळे भाग एकमेकांची ओळख करून घेत असतात. म्हणून पहिले दोन हजार किलोमीटर एकदम दाबायचं नाही, एकदम थांबवायचं नाही, काटा वरच्या आकड्यांकडे न्यायचा नाही, आणि एकाच वेगात धरूनही ठेवायचं नाही, कमी-जास्त करत राहायचं. "स्पोर्ट गाडी आहे सर, पण आत्ता नाही," तो हसून म्हणाला. मी ते वहीत उतरवल्यासारखं पाठ केलं. शाळेत एवढं पाठ केलं असतं तर, असंही मनात आलं.

खळ्यात गाडी लागली तेव्हा शेजारचे आबा दगडी कुंपणाच्या गडग्यावर बसले होते. ते तिथेच बसलेले असतात. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"मेल्या, ही गाडी उभी आसा की बसलेली?"

"बसलेलीच आहे आबा, अशीच असते."

"मगे उठव तिका. हिच्या पोटाखालसून मुंगी गेली तर मुंगयेक टेंगूळ येयत."

त्यांचं खोटं नव्हतं. पाणंदीच्या तोंडाशी जांभ्या दगडाचा उंचवटा आहे, त्यावरून जाताना मी श्वास रोखून धरायचो. मी तसा प्रत्येक गोष्टीला श्वास रोखतो. खारं वारं लागेल म्हणून रोज पुसायचो. नारळ पडेल म्हणून पाडेल्याला बोलावून खळ्यावरच्या माडांचे सगळे नारळ उतरवून घेतले, शहाळीसुद्धा. काकी बाहेर आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"माझे माड बोडके केलंस मेल्या! आता ह्या इतक्या नारळांचा करू काय?"

"रागावू नको काकी, गाडी नवीन आहे."

"नवी आसा तर नवी. नवो तवो पण नवोच आसता." आणि मग मी नियम सांगितले तेव्हा तिने मान डोलावली, जणू हे तिला लहानपणापासून माहीत होतं. घावन काढायचा बिडाचा तवा नवा आणला की तो काही पहिल्या दिवशी घावन सोडत नाही. त्याला तेल चोळायचं, अर्धा कांदा फिरवायचा, मंद विस्तवावर ठेवायचं, पुसायचं, पुन्हा तेल. जाळ मोठा केला की तवा कायमचा रुसतो. "पयला घावन फाटताच. दुसरा चिकाटता. तवो आपलो झालो की मगे बोट लावल्यार सुटता. तुझी गाडी काय वेगळी नाय." आणि लगेच, "पण माका बसूक सांगा नको हां."

मी सांगितलंच नव्हतं. तिला माझ्या मनातलं दिसलं असावं.

माझे बाबाही गोऱ्ह्याला पहिल्यांदा जुंपायचे तेव्हा औताला नाही जुंपायचे. शांत म्हाताऱ्या बैलाच्या शेजारी उभा करायचे, मागे नुसता लाकडाचा ओंडका बांधायचे आणि शेताच्या कडेने फिरवत राहायचे, तोंडाने काहीतरी पुटपुटत. काय पुटपुटायचे ते मला कधी कळलं नाही. त्या सकाळी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो तेव्हा माझ्याही तोंडून तसंच काहीतरी निघालं, आणि मी दचकून गप्प झालो.

ते दिवस मला धुक्यातल्यासारखे आठवतात. उजाडता उजाडता निघायचं. आचऱ्याच्या खाडीवर वाफ उठलेली असायची, पुलावरून जाताना खाली पाणी आहे की आकाश हे कळायचं नाही. काचा वर केल्या की जग मुकं व्हायचं: भाताची कापलेली खाचरं, काजूचे माळ, सायकलवरून जाणारा पाववाला, सगळे तोंड हलवत मागे सरकायचे. खारेपाटणला एका व्यापाऱ्याची थंड खोली करायची होती, तिथे मी गरज नसताना दोनदा जास्त गेलो. नदीकाठच्या त्या जुन्या बाजारपेठेत कधीकाळी गलबतं लागायची म्हणतात. मी माझं गलबत वडाखाली लावायचो आणि इंजिन थंड होतानाची बारीक टिकटिक ऐकत बसायचो. चालवताना काटा मधल्या आकड्याशी आला की मी पाय सैल करायचो. पुढे अजून पुष्कळ काही आहे हे पायाला कळायचं. विहिरीत कळशी सोडली की दोराला पाण्याची खोली कळते, तसं. पण खाली बघायचं नाही, एवढंच.

इकडे काकीने त्या नारळांचा बेत लावला. रोज सोलकढी. आणि रोज निघताना मला एक तांब्या भरून द्यायची, वर झाकण म्हणून नुसती वाटी.

"काकी, बाटलीत दे ना. सांडेल, चामडं साईच्या रंगाचं आहे."

"बाटलयेत चव जाता."

दुसऱ्याच दिवशी कणकवलीच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि शेजारच्या सीटवर गुलाबी ओघळ गेला. मी रस्त्याच्या कडेला थांबून रुमालाने, पाण्याने, शर्टाच्या टोकाने पुसत बसलो. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. डाग फिका झाला, गेला नाही. परत आलो तर काकी खळ्यातच. माझ्याकडे न बघता तिने आधी तांब्या उचलून आत डोकावलं.

"सांडली."

"म्हैस आली गं मधे."

"घाटात पण म्हशी आसतत," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती माझी परीक्षा घेत होती. मी तिला विचारलं नव्हतं, तिनेही हो म्हटलं नव्हतं, आणि तरी आमचं दोघांचं ठरलं होतं. मग मी तांब्यासाठी गाडी चालवू लागलो. गंमत अशी की गाडीचे नियम आणि तांब्याचे नियम एकच निघाले. एकदम दाबायचं नाही, एकदम थांबवायचं नाही. वळण यायच्या आधीच वेग उतरवायचा आणि वळण संपेपर्यंत पायाचा अंगठासुद्धा हलवायचा नाही. पुढची म्हैस लांबून ओळखायची. काटा खंय आसा ता वळख. एका संध्याकाळी मी परत आलो, काकीने तांब्यात पाहिलं. मी भर दुपारी एक घोटही प्यायलो नव्हतो, मुद्दाम. तांब्या काठोकाठ होता, वाटीच्या आतल्या बाजूला थेंब नव्हता.

"फाल्यां खंय जातंस?" तिने विचारलं.

"उद्या? कुठे नाही. का?"

"मगे घाटार जावया."

पहाटेची थंडी होती. काकी नवं लुगडं नेसून बाहेर आली. कनवटीला आवळकाठी, एका हातात लिंबू, दुसऱ्यात पिशवी, आणि पिशवीत आणखी चार पिशव्या घड्या करून. वाकून आत बसताना म्हणाली, "ह्या गाडयेत बसाचा म्हणजे देवाक नमस्कार करूचो आणि उठूचाच नाय." आबा गडग्यावरून ओरडले, "वैनी, परत येताना चलत येशात काय?" काकीने काच खाली करायची कशी ते विचारलं, काच खाली झाली, आणि तिने आबांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कणकवलीपर्यंत ती बोलत होती. फोंड्याचा बाजार मागे पडला आणि तिने डोळे मिटून घेतले. मी वेग आणखी उतरवला. मला एकच दिसत होतं: ही आजही अर्ध्यातून फिरली, तर पुन्हा कधी गाडीत बसणार नाही, आणि वर जी बसली आहे तिच्याकडे 'पुन्हा' फारसं उरलेलं नाही.

घाट सुरू झाला. झाडांच्या फांद्या रस्त्यावर मिळालेल्या, मधूनच उन्हाची लादी आडवी पडलेली. मी वळण आलं की आधी मनात घ्यायचो, मग हातात. गाडी आपली वर चढत होती, जणू ती चढच नव्हती. इंजिनाचा सूर थोडा वर जायचा, पुन्हा खाली यायचा, कुणीतरी ओव्या गुणगुणत असावं आणि शब्द विसरलेले असावेत तसा. मागून एक ट्रक चिकटला, हॉर्न देऊ लागला. एरवी मी घाबरून वेग वाढवला असता. त्या दिवशी बाजूला घेतलं, त्याला जाऊ दिलं. एका वळणाच्या पुढे काकीने डोळे न उघडताच हात वर केला.

"थांबव."

मी कडेला घेतली, उतरून धावत तिचं दार उघडलं, पिशवी पुढे केली. तिने पिशवी बाजूला सारली, खाली उतरली आणि कठड्यापाशी गेली. खाली सगळं कोकण पसरलेलं, निळसर, धुरकट. समुद्र दिसत नव्हता पण तो आहे हे कळत होतं.

"हंयच," ती म्हणाली. "हंयसूनच मी परत गेलेलंय."

"परत जायचंय का?"

ती स्वतःच्या पोटावर हात ठेवून थांबली, शेजारच्या घरात कुणी आहे का याची चाहूल घ्यावी तशी.

"माका काय्येक होणा नाय रे," ती म्हणाली. आवाजात आनंदापेक्षा राग जास्त होता. "इतकी वर्सा मी मगे भियालंय ती कित्याक?"

मी म्हटलं, आता ते लिंबू टाक दरीत. ती म्हणाली, "टाकू कित्याक? मासळीक पिळूक होयत," आणि कनवटीला खोचलं.

पुढची वळणं मी कशी चढलो ते मला नीट सांगता यायचं नाही. पाच-सहा वळणांनंतर शेजारून बारीक घोरण्याचा आवाज आला. काकी झोपली होती. ज्या घाटाची तिने इतकी वर्षं धास्ती घेतली त्या घाटात, तोंड थोडं उघडं ठेवून, सोलकढीच्या डागावर हात ठेवून ती झोपली होती. माझ्यावर आजवर कुणी एवढा भरवसा ठेवला नव्हता, कुठल्या परीक्षेत नाही, कुठल्या कामात नाही. मी रडलो थोडा. रडतानाही अंगठा हलू दिला नाही.

दाजीपूरचं जंगल सरलं, पठार लागलं, ऊन मोठं झालं. बहिणीच्या घरी सून दारात आली आणि काही विचारणार तोच काकी तिला ओलांडून आत गेली. ओसरीवर एक वाळलेली म्हातारी सुपात नाचणी घेऊन बसली होती. काकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बोलली नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. म्हातारीने सुपावर पडलेली सावली पाहिली, मग वर पाहिलं.

"उशीर केलंस," ती म्हणाली.

एवढंच. सकाळी बाजारात गेलेल्या माणसाला म्हणावं तसं. मग काकी खाली बसली आणि त्या दोघी एकमेकींचे हात उलटेपालटे करून बघत राहिल्या, बाजारातली भाजी बघतात तशा.

जेवणं झाल्यावर बहिणीला गाडी बघायची होती. तिला आम्ही दोघांनी धरून आणली, मागच्या सीटवर बसवली, काकी शेजारी. मी इंजिन चालू केलं. म्हातारीने समोरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी थरथरतंय हे तिच्या तळव्याला लागलं.

"चालू आसा?"

काकीने मान हलवली आणि कानापाशी हात नेऊन नाही नाही अशी खूण केली: आम्हालाही ऐकू येत नाही.

"तुमका पण नाय?" म्हातारीचा चेहरा उजळला. "मगे हंय आपण सगळी सारखीच!" आणि ती हसली, दात नसलेलं, मोकळं. त्या दोघी बराच वेळ तशाच बसल्या, गाडी जागची हलत नव्हती. मी आरशात बघायचं टाळत होतो. ती शांत जागा मला पुन्हा सापडली होती, आणि यावेळी तीत माझ्याखेरीज माणसं होती.

उतरताना म्हातारीने माझ्या हनुवटीला हात लावला आणि बहिणीला विचारलं, "हो कोणाचो?"

काकीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"तुझो मुंबयक. ह्याची आवस खंय आसा?"

आवस म्हणजे आई. काकीने पठाराच्याही पलीकडे लांब हात दाखवला.

परतीच्या घाटात ती जागी होती. उतरतीचं ऊन काचेवर, खाली कोकण सोनेरी झालेलं. ती समोर बघत म्हणाली, "तुझ्या आवशीक गाडी लागता काय रे?"

मला माहीत नव्हतं. काकीला काय लागतं ते मला माहीत होतं, लिंबू कुठल्या खणात असतं ते माहीत होतं; आणि माझ्या मायला गाडी लागते का नाही हे माहीत नव्हतं. मी पैसे पाठवत होतो, सणाला फोन करत होतो, दोनचार वर्षांनी रेल्वेने जाऊन चार दिवस राहून येत होतो. तिला कधी कुठे बसवून नेलंच नव्हतं.

घाट उतरल्यावर फोंड्याला चहासाठी थांबलो. मी फोन लावला. घरच्याशी बोलताना माझी बोली आपोआप बदलते. काकीला त्याची मौज वाटते, म्हणून ती कान देऊन बसली.

"माय, तुले गाडी लागते काय वं?"

माय म्हणाली, "लागते ना बापा. कधी आनतं?"

मी फोन हातात धरून उभा. काकी विचारते, "काय म्हणाली? काय म्हणाली?" मी सांगितलं. काकी आधी हसली, मग तिने पदराने डोळे टिपले, मग पुन्हा हसली.

"तुझी आवस माझ्यापेक्षा शाणी. मी तुका लिंबू दिलंय, तिना गाडीच मागल्यान."

आता गाडीचे दोन हजार किलोमीटर कधीच होऊन गेले. तो टायवाला मुलगा म्हणाला, "आता मोकळी सोडा सर, आता ती तुमची झाली." एकदा रिकाम्या महामार्गावर सोडूनही पाहिली, विहीर किती खोल आहे ते दिसलं, धडकी भरली, आणि मी पुन्हा आपल्या अंगठ्याच्या चालीवर आलो. मला तीच चाल आवडते. डाग अजून आहे. शोरूममध्ये काढून देतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. आबा अजून मुंगीची चौकशी करतात. माडांना पुन्हा नारळ धरलेत, मी वर बघतो, गाडी थोडी सरकवून लावतो, पण पाडेल्याला बोलावत नाही.

गाडी घेऊन गावी अजून गेलो नाही. सांगायला कारणं आहेत. कामं आहेत, उन्हाळा होता. खरं कारण भीतीच. बाबा गाडीकडे बघून काय पुटपुटतील याची भीती.

पण काकी, हे तुझ्यासाठी लिहितो. तू वाचणार नाहीस, मी वाचून दाखवेन. तुझ्या पेजेची फेड होणार नाही, आणि फेडतो म्हटलं तर तू सारवणाचा हात माझ्या तोंडावर फिरवशील. तरी माझा शब्द घे. एक दिवस मी तुला त्या पुढच्या सीटवर बसवून घाट चढवीन, बायच्या ओसरीवर जेवायला थांबीन, आणि तिथून तसाच पुढे नेईन, पठार ओलांडून, जिथे माती काळी होते आणि समुद्र नुसता पुस्तकात असतो तिथपर्यंत. सावकाश नेईन, नव्या गाडीच्या चालीने. माझ्या मायच्या दारात गाडी लावीन आणि तिला म्हणेन, ही बघ, हिने मला काटा ओळखायला शिकवलं. मग तुम्ही दोघी मागे बसा. तू तिला 'व्हयी' शिकव, ती तुला 'लागते' शिकवील. लिंबू मी आणीन.